‘स्पीड’ला मराठीत काय: वेग, गती की चाल?

पत्रकवाली
घरासाठी आणि ऑफिससाठी वायर्ड नेट बरं की वायरलेस, यावरचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘वायरलेस’ला बिनतारी लिहिलं, पण ‘वायर्ड’पाशी अडले. तारयुक्त? सतार? शिवाय ‘स्पीड’ला मी सगळीकडे वेग लिहिलं होतं, ते ज्यांचं पत्रक आहे त्यांच्या तंत्रज्ञाने खोडलं. म्हणाला, “ताई, वेग गाडीला असतो.” परवा छापायला द्यायचंय. सुचवा.

बिनचूक
सतार नको. त्यातला ‘स’ सहितचा नव्हेच. फारसीत ‘सेह’ म्हणजे तीन, सेहतार म्हणजे तीन तारांचं वाद्य. बिनतारी मात्र सोडू नका. पोलिसांचा बिनतारी विभाग हा शब्द किती वर्षं वापरतोय! बिनपगारी, बिनविरोध अशी त्याला भरपूर भावंडंही आहेत. ‘वायर्ड’ला नुसतं ‘तारी’ का नको?

नववी_ब
वेग चूकच आहे. मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. पाठ्यपुस्तकात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग. वेगाला दिशा लागते. गती म्हणजे नुसतं हलणं. ‘इंटरनेटची चाल’ लिहा, कानाला सवय होईल.

पत्रकवाली
सर, चाल म्हटलं की लोकांना भजनाची आठवते, नाहीतर बुद्धिबळातली.

लॅन_ओढणारा
पेठांमध्ये बारा वर्षं केबल ओढतोय, म्हणून बोलतो. वेग शब्दशः घेतलात तर पत्रक उलटं होईल. तांब्याच्या केबलमधून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, वायफायच्या लहरी हवेतून जवळजवळ तीन लाख. म्हणजे वेगात बिनतारी पुढे! पण गिऱ्हाइकाला त्याचं काय? नारायण पेठेतल्या एका वाड्यात राउटरशेजारी 300 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 300 मेगाबिट, मिळत होते आणि दोन जाड भिंती ओलांडून माजघरात जेमतेम 20. तिथं कॅट-सिक्स ही नेटवर्कची तांब्याची केबल ओढली, पॉइंट काढला, लॅपटॉपला पुन्हा 300. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात, त्यात शेजाऱ्यांचीही यंत्रं आली. केबलमधून येणं-जाणं एकदम चालतं. दहा माणसांच्या ऑफिसात हा फरक लगेच कळतो.

माजघर
आमच्या आईचा शब्द सांगू? ‘आज वायफायला धार नाही.’ नळासारखंच. मला तरी हा अगदी नेमका वाटतो, कारण प्रश्न पाणी किती जोरात पळतं हा नसून बादली किती वेळात भरते हा आहे.

नववी_ब
बोलण्यात धार ठीक. छापताना ‘वहनदर’ हवं. पत्रकातसुद्धा बोलीच लिहायची, तर परिभाषा घडवायची कोणी?

लॅन_ओढणारा
सर, वहनदर वाचून मला कोणी बोलावणार नाही. खरा घोटाळा दुसरीकडेच आहे. इंग्रजीत छोटा ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. मराठीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे दोन्ही ‘एमबी’च होतात. मग 100चं कनेक्शन घेतलेला माणूस डाउनलोड 12च्या आसपास बघून मला फोनवर फसवलं म्हणतो. आठाने भागलं की साडेबाराच येतात, पण हे त्याला कुठं छापून मिळतं? ताई, कृपा करून मेगाबिट, मेगाबाइट असं पूर्ण लिहा.

पत्रकवाली
हे लगेच बदलते. पण ‘वायर्ड’चं काय?

काचतंतू
‘तारी’ला माझा विरोध आहे. घरात येतं ते फायबर, म्हणजे काच. तार धातूची असते. फायबरला तारी म्हणणं ही सरळ चूक आहे.

बिनचूक
तार धातूचीच असते असं कुठं आहे? पाक एकतारी होतो, त्यात कुठला धातू? ओढल्यावर तुटत नाही आणि लांबत जाते ती तार, मी तरी असंच मानतो. काचही ओढूनच फायबर होतं. आणि 2013च्या जुलैत बंद झालेली ती ‘तार’ तर कागदावर यायची.

काचतंतू
पाकाचा अर्थ लाक्षणिक आहे.

बिनचूक
मुळीच नाही. बोट आणि अंगठा लांब करून बघा, तार दिसते.

माजघर
रव्याच्या लाडवाला एकतारीच लागतो. दोनतारी झाला की लाडू फुटत नाहीत.