अल्झायमर : अमायलॉइड साचूनही स्मृती शाबूत कशी राहते?

जिज्ञासू

अल्झायमरच्या जैविक कारणांविषयी वाचताना एका मुद्द्यापाशी माझे गाडे अडते. मेंदूत अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे साचे, म्हणजे साचून झालेले पुंजके, तयार होतात आणि त्यामुळे चेतापेशी मरतात, असे बहुतेक लेखांत सांगितलेले असते. परंतु मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूत असे भरपूर साचे आढळले, आणि तरी हयातीत त्या व्यक्तीची स्मृती उत्तम होती, अशी उदाहरणेही कमी नाहीत. मग अमायलॉइडला आजाराचे कारण म्हणावे, की त्याची केवळ एक खूण? शिवाय आई किंवा वडिलांना हा आजार झाला असेल, तर तो मुलांना होणारच, असे मानावे काय?

चेतातंतू

आपला आक्षेप रास्त आहे, आणि संशोधकांमध्येही त्यावर दीर्घकाळ वाद चालत आला आहे. तरीही अमायलॉइडला केवळ खूण मानता येत नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा जनुकांतून मिळतो.

चेतापेशींच्या आवरणात एपीपी नावाचे एक मोठे प्रथिन असते. बीटा-सिक्रिटेज आणि गॅमा-सिक्रिटेज ही दोन विकरे ते एकापाठोपाठ कापतात, तेव्हा अमायलॉइड बीटाचा लहान तुकडा सुटा होतो. हा तुकडा बहुतेक वेळा ४० अमिनो आम्लांचा असतो. काही वेळा तो ४२ अमिनो आम्लांचा निघतो, आणि हा लांब तुकडा अधिक चिकट असल्यामुळे एकमेकांना धरून साचत जातो. ज्या मोजक्या कुटुंबांत हा आजार तिशी-चाळिशीतच सुरू होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तिथे दोष एपीपीच्या जनुकात तरी असतो किंवा प्रेसेनिलिनच्या दोन जनुकांपैकी एकात तरी. आणि प्रेसेनिलिन हाच गॅमा-सिक्रिटेजचा कापणारा भाग आहे. एपीपीचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असते. डाऊन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, आणि अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत बहुधा अमायलॉइड साचलेले आढळते. उलट, आइसलँडमधील लोकांत २०१२ साली एपीपीचा एक दुर्मीळ बदल सापडला, जो अमायलॉइडची निर्मिती कमी करतो आणि अल्झायमरपासून संरक्षण देतो. निर्मिती वाढली की आजार लवकर येतो आणि ती घटली की टळतो, हे दोन्ही बाजूंनी दिसत असताना अमायलॉइडला निव्वळ साक्षीदार कसे म्हणता येईल?

सूक्ष्मनलिका

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे; परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात निम्मेच येते. अमायलॉइड आजाराची सुरुवात करते; प्रत्यक्ष हानीचा मोठा वाटा मात्र टाऊ या दुसऱ्या प्रथिनाकडे जातो. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, तेव्हा पेशींबाहेरच्या साच्यांबरोबर पेशींच्या आतील गुंतेही नोंदवले होते, आणि ते गुंते याच टाऊचे असतात. निरोगी चेतापेशीत टाऊ हे सूक्ष्मनलिकांना, म्हणजे पेशीच्या आतील वाहतुकीच्या बारीक नळ्यांना, आधार देते. त्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढले की ते नलिकांपासून सुटते आणि आपापसांत गुंतते.

स्मृतीचा ऱ्हास अमायलॉइडच्या प्रमाणापेक्षा टाऊच्या पसरण्याशी कितीतरी जवळून जुळतो. वयाबरोबर थोडे गुंते हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या आसपास अनेकांच्या मेंदूत होतातच. मात्र ते तिथून निघून मेंदूच्या बाह्यकात दूरवर पसरू लागतात, तेव्हा लक्षणे उघड होतात. अमायलॉइड साचण्यास लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच प्रारंभ झालेला असतो. म्हणून आपण उल्लेखिलेल्या व्यक्तींपैकी अनेक जण या मधल्या, मूक टप्प्यात असताना वारले असावेत, असे मला वाटते.

यातील क्रम ठरवणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टाऊच्याच जनुकात दोष असेल, तर गुंते होतात आणि वेगळ्या प्रकारचा स्मृतिभ्रंशही होतो, पण अमायलॉइडचे साचे तयार होत नाहीत. एपीपी किंवा प्रेसेनिलिनमध्ये दोष असेल, तर मात्र साचे आणि गुंते दोन्ही होतात. त्यामुळे अमायलॉइड आधी आणि टाऊ नंतर, असा क्रम मानण्यास चांगला आधार मिळतो.

गुणसूत्र

आनुवंशिकतेविषयी थोडे लिहितो. वर सांगितलेले, आजार जवळजवळ निश्चित करणारे जनुकदोष एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतात. आई किंवा वडिलांना वृद्धापकाळी अल्झायमर झाला असेल, तर मुलांची जोखीम काहीशी वाढते, परंतु तो होणारच, असे मुळीच नाही. उतारवयात येणाऱ्या आजारात सर्वांत प्रभावी जनुक एपीओई हे आहे. त्याच्या ई-४ या रूपाची एक प्रत असल्यास जोखीम सुमारे तिपटीने वाढते, दोन प्रती असल्यास त्याहून बरीच अधिक. ई-२ हे रूप मात्र काही प्रमाणात संरक्षण देते. हे जनुक मेदाची वाहतूक करणारे प्रथिन तयार करते, आणि अमायलॉइडचा निचरा किती चांगला होतो, हे त्या प्रथिनावर अवलंबून असते. मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींचे, म्हणजे मायक्रोग्लियाचे, कामही यात येते. त्यांच्या ट्रेम-२ या जनुकातील दुर्मीळ बदलांनी जोखीम वाढते, हे २०१३ साली दिसून आले.

२०१९ साली नोंदवलेले कोलंबियातील एका स्त्रीचे उदाहरण तर आपल्या प्रश्नाला थेट भिडते. तिच्यात प्रेसेनिलिनचा असा दोष होता की चाळिशीतच लक्षणे दिसायला हवी होती. तिच्या मेंदूत अमायलॉइडही विपुल होते. तरीही सत्तरीपर्यंत तिला स्मृतिभ्रंश झाला नाही, आणि तिच्या मेंदूत टाऊचे प्रमाण तुलनेने कमी होते. तिच्या एपीओईच्या दोन्ही प्रतींमध्ये एक दुर्मीळ बदल होता.

जिज्ञासू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग औषधाने अमायलॉइड काढून टाकले, तर आजार थांबायला हवा ना?

सूक्ष्मनलिका

तो थांबत नाही. त्याची गती थोडी मंदावते. लेकानेमॅब या प्रतिपिंडाने आरंभीच्या टप्प्यातील रुग्णांचे अमायलॉइड मोठ्या प्रमाणात हटले, परंतु अठरा महिन्यांत ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनीच कमी झाला, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव झाला. लक्षणे दिसेपर्यंत टाऊचे पसरणे सुरू झालेले असते, आणि मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. म्हणूनच लक्षणे नसताना, केवळ अमायलॉइड वाढलेल्या व्यक्तींवर उपचारांच्या चाचण्या सुरू आहेत.