मदत हवी आहे: बाबांच्या पीटीएसडीसाठी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहिलेल्या आघाताचा आजार) पुण्यात थेरपिस्ट

नमस्कार. आम्ही धानोरीत राहतो. बाबा १९९९ मध्ये कारगिलला होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की घामाघूम होतात, रात्री दचकून उठतात. लग्नकार्याला जाणं बंदच केलंय. नातेवाईक म्हणतात, माणूस तिरसट झाला. ते ऐकून आई आतल्या आत कुढते.

डॉक्टरांनी पीटीएसडी सांगितलंय. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) गोळ्या मिळतात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोललेय. पण सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) करणारे, फौजेतलं जगणं समजणारे, मराठीतून बोलणारे कोणी माहीत आहेत का? "मला काय वेड लागलंय?" म्हणत बाबा अडून बसतात. तुमच्या घरच्यांना पहिल्यांदा कसं तयार केलंत, तेही सांगा.