टेकडीवरच्या झाडांच्या नोंदी: ब्लॉगर घेऊ की स्वतःचं वर्डप्रेस?

कोथरूडची टेकडीवाली

नमस्कार मंडळी, गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जाते आणि झाडांच्या नोंदी ठेवते. पांगारा कुठल्या आठवड्यात फुलला, गणेर कधी पिवळा झाला, सालईची पानं कधी गळली, वणव्यात कुठला पट्टा जळला, लावलेल्या गिरिपुष्पाखाली दुसरं काय उगवतंय, असं सगळं चार वह्यांत आहे आणि फोटो तर हजारांत. फेसबुकवर टाकत होते पण मागच्या मार्चमधलं काही शोधायला गेलं की माझं मलाच सापडत नाही. आता नीट ब्लॉग करायचाय. भाचा म्हणतो गूगलचं ब्लॉगर, मैत्रीण म्हणते वर्डप्रेस. मी ५८ वर्षांची आहे, मला हे पुढची वीस वर्षं टिकायला हवंय. कुणी अनुभवाने सांगेल का?

सदाशिव पेठी

ताई, डोळे झाकून ब्लॉगर. माझ्या बाबांनी रिटायर झाल्यावर २००८ पासून त्यावर रेल्वेतल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. २०१७ ला ते गेले. त्यानंतर आम्ही एक रुपया भरलेला नाही, काही अपडेट केलेलं नाही, तरी ब्लॉग आजही जसाच्या तसा उघडतो. मध्यंतरी दौंडला त्यांच्याबरोबर असलेल्या एका काकांच्या मुलीची कमेंट आली, तिच्या वडिलांचं नाव बाबांच्या एका लेखात होतं म्हणून, मी ती आईला दोनदा वाचून दाखवली. स्वतःचं होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा, असतं तर बाबा गेल्यावर वर्षभरात सगळं बंद पडलं असतं, कारण आम्हाला पासवर्ड सोडा, कुठल्या कंपनीचं आहे हेसुद्धा माहीत नसतं.

औंधकर

तुमच्या बाबांचा ब्लॉग टिकला याचा आनंद आहे, पण त्यावरून सल्ला देऊ नका प्लीज. ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि २००३ पासून गूगलकडे, हे खरं. पण त्याच गूगलने २०१३ ला रीडर बंद केलं, २०१४ ला ऑर्कुट, २०१९ ला गूगल प्लस. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबसाइटची सेवा बंद केली तेव्हा लोकांची वर्षानुवर्षांची पानं गेली. भाड्याचं घर ते भाड्याचंच. शिवाय दोन वर्षं अकाउंट वापरलं नाही तर ते डिलीट करायचा हक्क गूगलने आता नियमात ठेवलाय, तेव्हा बाबांच्या अकाउंटमध्ये आजच लॉगिन करा, खरंच सांगतोय.

टेकडीवाल्या ताई, वर्डप्रेस म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमवाल्यावर ते स्वतः जागा देतात, फुकट प्लॅनवर जाहिराती येतात आणि तुमच्या फोटोंना ती जागा पुरणार नाही. डॉट ऑर्गवरचं सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग आपण घ्यायचं. ते घ्या. झाड, महिना, टेकडीचा भाग असे स्वतःचे वर्ग पाडता येतात, म्हणजे "फेब्रुवारीतला गणेर" म्हटलं की अकरा वर्षांचं एका पानावर.

वारजे

औंधकर, तुम्ही बहुतेक आयटीत आहात. मी शिक्षिका आहे, चार वर्षं स्वतःचं वर्डप्रेस चालवलं. पहिल्या वर्षी होस्टिंग स्वस्त, रिन्यूअलला जवळजवळ तिप्पट. मग एक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं राहिलं, आणि एके दिवशी माझ्या पाककृतींच्या पानावर कसल्याशा औषधांच्या जाहिराती. कंपनीकडचा बॅकअपसुद्धा बिघडल्यानंतरचाच होता. साठ-सत्तर लेख मी वहीतून परत टाइप केले. ताई रोज टेकडीवर जाणार की प्लगिन अपडेट करत बसणार? आणि वर्ग म्हणाल तर ब्लॉगरवर लेबलं आहेत की, झाड आणि महिना दोन्हीचा मेळ तितका सहज जमत नाही पण एका झाडाचं सगळं एकत्र नक्की दिसतं.

हिंजवडी फेज २

साध्या टेक्स्ट फाइली, त्यांची वेबसाइट बनवणारं ह्यूगो आणि ती ठेवायला गिटहब पेजेस. फुकट, हॅक व्हायला आत काही नाही, आणि उद्या गिटहब गेलं तरी फाइली तुमच्याकडेच.

वारजे

दादा, त्यांना फोटो टाकून चार ओळी लिहायच्यात. त्यासाठी गिटहबवर फाइली चढवायचं गिट शिकायला लावणार का?

बिबवेवाडीकर

कुठलंही घ्या पण लिंकचं बघा, मराठीत लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. शीर्षक देवनागरीत दिलं की वर्डप्रेस त्याचीच लिंक बनवतं आणि व्हॉट्सॅपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची रांग दिसते. एका अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, नऊ चिन्हं होतात आणि मर्यादा दोनशेची, म्हणजे बाविसेक अक्षरांनंतर शीर्षकाचा उरलेला भाग लिंकमधून कापला जातो. माझ्या काकांना अशी हातभर लिंक गेली तर त्यांनी व्हायरस समजून डिलीट केली. ब्लॉगर उलट करतं, देवनागरी सोडून देतं आणि नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा. दोन्हीकडे पब्लिश करायच्या आधी लिंक हाताने रोमन अक्षरांत लिहिता येते. पहिल्या लेखापासून ही सवय लावा, ब्लॉगरवर नंतर बदललं की जुन्या लिंका मरतात.

औंधकर

वारजेबाई, बॅकअपचं तुमचं बरोबर आहे, तो आपल्याकडे वेगळा ठेवायलाच हवा. ठीक आहे, ब्लॉगर घ्या, पण निदान डोमेन, म्हणजे ब्लॉगचा पत्ता, स्वतःचं घ्या. वर्षाला हजार-बाराशे रुपये, ब्लॉगरला ते फुकट जोडता येतं. उद्या हलायची वेळ आली तर पत्ता तोच राहतो, वर्डप्रेसमध्ये ब्लॉगरचे लेख आत घ्यायची सोय आहेच. आणि ब्लॉगरच्या बॅकअप फाइलमध्ये मजकूर आणि कमेंटा येतात, फोटोंच्या मात्र फक्त लिंका. मूळ फोटो हार्ड डिस्कवर ठेवा.

सदाशिव पेठी

बाबांच्या अकाउंटचं सांगितलंत, आभारी आहे, आज रात्रीच बघतो. पण डोमेनला माझा विरोध कायम आहे. आपल्यामागे ते कोण भरणार? एक रिन्यूअल चुकलं की तोच पत्ता तिसराच कुणी घेतो आणि तिथे जुगाराच्या जाहिराती लावतो. ब्लॉगर फुकट देतं तो ब्लॉगस्पॉटचा पत्ता दिसायला साधा असेल, पण त्याला बिल येत नाही.

औंधकर

म्हणजे बिल येत नाही म्हणून आयुष्यभराच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर? नाही पटत.

कोथरूडची टेकडीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीबरोबर बसून ब्लॉगर सुरू केलं. तिला दुसरी अॅडमिन केलंय आणि गूगलमधलं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर तिच्या नावाने लावलंय, म्हणजे मी गप्प झाले तर तिला मेल जाईल. डोमेन घेतलं, एकदम दहा वर्षांचं, त्याचा पासवर्ड पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलाय. सदाशिव पेठी, तुमची भीती मला पटते, म्हणून रिन्यूअलची तारीख लेकीच्या फोनमध्येपण टाकली.

पहिली नोंद पांगाऱ्याची घातली, लिंक रोमनमध्ये. अकरा वर्षांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की खाणीच्या बाजूचं झाड दर वर्षी बाकीच्यांच्या आधी फुलतं. हे वह्यांत होतंच, पण मला कधी दिसलं नव्हतं.