उत्तर: पावसातलं 'धाडकन' लँडिंग

'पावसात मुंबईला विमान धाडकन टेकलं म्हणजे पायलट कच्चा' हे मत पटलं नाही. ओल्या धावपट्टीवर मुद्दामच जरा ठामपणे टेकवतात. टायरच्या पीएसआयमधल्या (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे ज्याच्या वर चाकं पाण्यावर तरंगू लागतात तो वेग, नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी). २०० पीएसआयला साधारण १२७. आणि एअरबस ए३२० हे प्रवासी विमान टेकतं १३० च्या आसपास! चाकं अलगद ठेवली तर ती पाण्याच्या थरावरून नुसती घसरतात, धड फिरत नाहीत. मग पंखांवरचे स्पॉयलर (पंखांची उचल मोडणाऱ्या फळ्या) उघडायला उशीर होतो, वजन चाकांवर येत नाही, ब्रेक दाबून फारसा उपयोग नाही.

शिवाय मऊ टेकवायच्या हौसेपायी विमान हवेत तरंगत राहिलं, की दर सेकंदाला जवळपास ७० मीटर धावपट्टी मागे जाते. मुंबईच्या दोन धावपट्ट्यांपैकी आखूड अशा १४/३२ वर तर ही चैन नकोच.