उत्सवाच्या नाटकात ‘एकच प्याला’ करतोय, तळीराम कापायचा का?

पडद्यामागून:
नमस्कार मंडळी. फोंड्याकडे आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला यंदा गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ बसवतोय. पाच अंक, त्यात पदं, पूर्ण केलं तर पहाट होईल, त्यामुळे काटछाट करावीच लागणार हे सगळ्यांना मान्य आहे. पण दिग्दर्शक म्हणतात आर्य मदिरा मंडळाचे, म्हणजे तळीराम आणि त्याच्या दारूबाज दोस्तांचे विनोदी प्रवेश जवळजवळ सगळेच काढूया, पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात, लोक एकदा हसायला लागले की नायक सुधाकरची बायको सिंधू जात्यावर बसली तरी गप्प होत नाहीत, शोकांतिका आहे तर शोकांतिकाच दाखवा. मला हे अजिबात पटत नाहीये पण तालमीत नीट मांडता येत नाही. तुमचं काय मत?

सातेरीचो_मांड:
कापू नका हो! मुन्सफाशी म्हणजे न्यायाधीशाशी खटका उडून सुधाकरची वकिलीची सनद काही काळासाठी जाते, तो अपमानाने जळत असतो, तेव्हा पहिला प्याला देतो कोण? तळीरामच ना. तोही वैरी म्हणून नाही, दुःख विसरायला मदत म्हणून. आता मदिरा मंडळ काढलं तर दारू म्हणजे नुसतं वाईट व्यसन, जे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. गडकऱ्यांनी आपल्याला त्या बैठकीत नेऊन बसवलंय, ती मंडळी दारूच्या बाजूने काय काय युक्तिवाद करतात आणि आपण खळखळून हसतो, म्हणजे सुधाकरला जी भुरळ पडली ती घटकाभर आपल्यालाही पडते. आणि मग त्याच दारूपायी उपाशी राहिलेली सिंधू दळताना दिसते. आधी हसलेल्या माणसालाच ते दळण जास्त लागतं.

पेडण्याची_माय:
दशावतारातला संकासुर बघा, काळा वेष, लोंबणारी लाल जीभ, बोलणं सगळं थट्टेचं. लहान मुलं हसतात पण आईची मांडी सोडत नाहीत. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला राजाचा मेहुणा शकारसुद्धा तसाच, रामायण-महाभारताची भेसळ करून बोलतो म्हणून हसू येतं आणि तोच बागेत नायिका वसंतसेनेचा गळा दाबतो. आपल्याकडे हे मिश्रण परकं कधीच नव्हतं.

दर्शनी_पडदा:
दिग्दर्शकांची तक्रार खोटी नाही हं. उत्सवाच्या नाटकात तळीराम करणारा पदरचे विनोद घालतो, गावातल्या कुणाची नक्कल करतो, शिट्ट्या येतात त्या त्याला. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकात, कांतारां (गाणी) आणि विनोदी प्रवेश कथेच्या बाजूने चालतात आणि तिथे ते शोभतं, प्रेक्षक तेच बघायला आलेला असतो. इथे विनोद कथेच्या पोटात आहे. ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून झाल्या झाल्या दरवाजावर थापा पडतात आणि पेंगुळलेला द्वारपाल बडबडत येतो, इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजला तर तो प्रवेश शेक्सपिअरचा वाटतच नव्हता. पण तो द्वारपाल स्वतःला नरकाचा दारवान समजून बोलत असतो! आणि त्या घरात नुकतंच काय झालंय ते आपल्याला माहीत असतं. म्हणून तळीरामाला सांगा, एक शब्द वाढवायचा नाही आणि प्रत्येक वाक्य मनापासून पटल्यासारखं बोलायचं.

पडद्यामागून:
हे सांगता येईल, थँक्यू. पण वेळेचं काय? मंडळाचा एकच प्रवेश ठेवायची मुभा मिळाली तर कुठला ठेवू?

सातेरीचो_मांड:
एकच असेल तर तळीरामाच्या आजारपणाचा. उशाशी वैद्य आणि डॉक्टर वाद घालतायत, दोस्त जमलेत, लोक हसतायत आणि खाटेवरचा माणूस खरोखर मरतोय. पण एकावर समाधान मानू नका, आधीची एक बैठक हवीच, नाहीतर तो कोण हेच लोकांना कळणार नाही. इंग्रज समीक्षक जॉन्सनने १७६५ साली शेक्सपिअरची बाजू घेताना हेच लिहिलं होतं की एक जण मद्याकडे धावत असतो त्याच वेळी दुसरा आपल्या मित्राला पुरत असतो, जग असंच चालतं. वेळ वाचवायचा तर पदांमधल्या ताना कमी करा, पदं पूर्ण ठेवून आलाप आवरले तरी बराच वेळ सुटतो. गाणाऱ्या बाईंना आधी विश्वासात घ्या मात्र.