इंदूरच्या पंपांवर रांगा लागल्या, त्यात सरकारची चूक किती?

लोकमान्यनगरकर
जानेवारी 2024 मधला टँकर आणि ट्रकचालकांचा संप इथल्या सगळ्यांना आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) विरुद्ध होता तो. अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते कलम सांगतं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं होती. 1 जुलै 2024 ला नवे कायदे लागू झाले, तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे वाद मिटला नाही, पुढे ढकलला. म्हणून विषय काढतोय.

1 आणि 2 जानेवारीला पंपांवर जे झालं त्याचा दोष मी सरकारला देतो, लोकांना नाही. विधेयक राज्यसभेत 21 डिसेंबरला मंजूर झालं. चालकांमध्ये 'सात लाख रुपये दंड' ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. कलमात रकमेचा आकडाच नाही, नुसतं 'दंड' म्हटलंय. एवढी साधी गोष्ट ढाब्यावर, ट्रान्सपोर्ट नगरात जाऊन कुणी समजावली का? आणि आपल्याला काय ऐकवलं? 'घाबरू नका, पुरेसा साठा आहे.' पुरेसा म्हणजे किती? मांगलियाचे पेट्रोल-डिझेलचे डेपो आपल्या दाराशी आहेत, मुंबई-मनमाडहून येणारी भारत पेट्रोलियमची पाइपलाइन तिथे पोचते. डेपोत किती दिवसांचा माल आहे, बंदोबस्तात किती टँकर निघाले, कुठल्या भागात पोचले, हे दर दोन-तीन तासांनी सांगता आलं असतं. माणसाला नेमकं काही कळलं नाही की तो शेजाऱ्याकडे बघतो, आणि शेजारी रांगेत उभा असतो.

छावणीतला वाचक
अजिबात पटलं नाही. स्कूटरच्या टाकीत पाच-सव्वापाच लिटर मावतं. एरवी आपण शंभर-दोनशेचं टाकून निघतो. त्या दिवशी जो तो टाकी फुल करायला धावला. पंपाच्या जमिनीखालचं पेट्रोल शहरभरच्या गाड्यांमध्ये जाऊन बसलं आणि ज्याला खरोखर गरज होती त्याला पाटी दिसली, 'पेट्रोल नाही'. शहराचा वापर त्या दिवशी वाढला नव्हता, वाढली ती साठवण. यात सरकारने काय करायचं होतं?

सरकार बोललं की काय होतं याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. मार्च 2012 मध्ये तिथल्या टँकरचालकांनी संपाच्या बाजूने मतदान केलं. तारीखसुद्धा ठरली नव्हती, तोच फ्रान्सिस मॉड या मंत्र्यांनी घरी कॅनमध्ये पेट्रोल ठेवायचा सल्ला दिला. देशभर रांगा लागल्या. यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल ओतताना भाजली. संप शेवटपर्यंत झालाच नाही.

आपल्याकडे 2 जानेवारीच्या संध्याकाळी केंद्रीय गृहसचिवांनी ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसबरोबर बैठक घेतली, कलम लागू करण्याआधी चर्चा करू म्हणाले, आणि चालकांना कामावर परतायचं आवाहन झालं. दोन दिवसांत मिटवलं, हे का मोजत नाही तुम्ही?

सुदामानगरची ताई
माझ्या भावाचा पंप आहे, म्हणून आतली बाजू सांगते. डीलर आधी कंपनीला पैसे भरतो, मग टँकर येतो. आठवडाभराचा माल कुणी भरून ठेवत नाही, तेवढं भांडवल अडकवणं परवडत नाही. एरवी दोन दिवस पुरणारा माल त्या दिवशी बघता बघता संपला. लोक बाटल्या आणि कॅन घेऊन आले होते. नाही म्हटलं की शिव्या त्या पंपावरच्या पोरांना.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. चंदीगड प्रशासनाने 2 जानेवारीला सरळ मर्यादा घातली : दुचाकीला दोन लिटर, चारचाकीला पाच. असा हुकूम इथे पहिल्या सकाळीच निघाला असता, तर पोरांना ग्राहकाशी भांडावं लागलं नसतं, हुकूम दाखवला असता. रुग्णवाहिका, स्कूल व्हॅन, चोइथराम मंडीत भाजी आणणारे, यांच्यासाठी काही पंप वेगळे काढता आले असते.

राऊ फाटा
मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघतो. छावणीवाल्या काकांनी बैठकीचं कौतुक केलं, पण बैठक कुणाबरोबर झाली? ती संघटना वाहतूकदारांची, म्हणजे गाडीमालकांची. किल्ली ठेवून गेलेले चालक होते. बहुतेक ठिकाणी ते स्वतःहून उतरले होते, त्यांचा एक कुणी नेता नव्हता. त्यांची भीती साधी आहे : थांबलो तर जमाव मारून टाकेल, पळालो तर दहा वर्षं.

आणि त्यांच्याशी बोलण्याची पद्धत बघा. शाजापूरच्या बैठकीत तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एका चालकाची 'औकात' काढली. मुख्यमंत्री मोहन यादवांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना हटवलं, ते योग्यच केलं.

लोकमान्यनगरकर
ताई, मर्यादेचं शंभर टक्के मान्य. काका, ब्रिटनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे तेव्हा संपाआधी सात दिवसांची नोटीस द्यावी लागायची. मंत्र्यांनी तेवढंच सांगितलं असतं, तर लोक निवांत राहिले असते. त्यांनी साठवायला सांगितलं. बोलणं वाईट नव्हतं, जे बोलले ते वाईट होतं. आणि दोन दिवसांत मिटवलं म्हणता, तर जो शब्द 2 जानेवारीला दिला तो 31 डिसेंबरला देता आला नसता? जबलपूरला उच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं की वाहतूक सुरळीत करा. इतकी वेळ यावी?

छावणीतला वाचक
राज्यात खातेवाटप 30 डिसेंबरला झालं होतं. मंत्री खुर्चीवर बसत होते, हेही ध्यानात घ्या. आकड्यांचा हट्ट मला अजून कळत नाही. मांगलियात तीन दिवसांचा साठा आहे असं जाहीर केलंत, तर चौथ्या दिवसाच्या काळजीने लोक आजच धावतील. मर्यादा घाला, ते मी मान्य करतो. पण संसदेने केलेला कायदा रस्ता अडवून थांबवता येतो, असा संदेश गेला तो चुकीचा. उद्या आणखी कुणी दूध अडवेल, औषधं अडवेल. पळून जाणाऱ्या चालकामुळे रस्त्यावर मरणाऱ्याच्या घरच्यांचा विचार कोण करणार?

सुदामानगरची ताई
आकडा आणि मर्यादा एकत्र जाहीर करा ना. चौथ्या दिवशीही दोन लिटर मिळणार हे माहीत असेल, तर आज कोण रांग लावेल?

राऊ फाटा
काका, मरणाऱ्याच्या घरच्यांचा विचार चालकही करतो. बऱ्याच चालकांचे भाऊबंदही रस्त्यावरच गेलेत. पण कलमात 'घटनेनंतर लवकरच' कळवायचं असं म्हटलंय. लवकर म्हणजे कधी? जमाव बघून पाच किलोमीटर पुढच्या ठाण्यात जाऊन हजर झाला, तर तो पळाला धरणार की कळवलं धरणार? हे नियमात स्वच्छ लिहून द्या. आमचे चालक तेव्हा हेच विचारत होते, आजही विचारतात.