मॅच चांगला, तरी रिजेक्शन का?

एकांनी विचारलंय की आईची किडनी बसवली, मॅच चांगला, मग रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारणं, कशाचं? माझ्या धाकट्या भावाला आईनंच किडनी दिली, आम्हीही असंच समजून होतो.

मॅचिंगमध्ये बघतात ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणा; टी पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपलं-परकं ज्यावरून ओळखतात त्या. पण त्याआधी एक जुना पहारा असतो, जन्मजात प्रतिकारशक्तीचा. काढलेली किडनी काही वेळ रक्ताविना थंडीत राहते, रक्त परत सुरू झालं की पेशी दुखावतात आणि त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडतो. टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे या पहाऱ्याचे पेशींमधले टेहळे, तो हेरतात, की दाहाची जनुकं चालू. वावरात डुकरं शिरली की जागलीवाला बोंब मारतो, तसंच. त्या बोंबेनं टी पेशीही उठतात. या पहाऱ्यावरच्या शोधांना 2011 चं नोबेल मिळालं. अँटिबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनमध्ये बायोप्सीत (किडनीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) एनके पेशींच्या, म्हणजे याच जुन्या पहाऱ्यातल्या मारेकरी पेशींच्या, जनुकांची हालचालही वाढलेली दिसते. रिजेक्शन रोखायला देतात ते टॅक्रोलिमस औषध मुख्यतः टी पेशींना आवरतं, या गड्यांना तितकं नाही.

जनुकांची चाचणी आपल्या यवतमाळकडं कुठली बाप्पा! क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि टॅक्रोची, म्हणजे टॅक्रोलिमसची, रक्तातली लेव्हल, एवढंच हाती. त्यातही आम्ही घोळ घातला. नागपूरची पहाटेची एसटी धरायची म्हणून भावानं पाचलाच गोळी घेतली, रक्त दिलं दहाला. लेव्हल बघायची असते सकाळच्या गोळीआधी, त्यामुळे ती भलतीच जास्त आली. तेव्हापासून सकाळची गोळी खिशात, रक्त दिल्यावर तिथल्याच नळावर घेतो.